अजून तिनं मागितलं नाही

इंडोनेशियातल्या सेंबुंगान गावात, त्या स्वयंपाकघरात आम्ही कोळशाच्या शेगडीभोवती बसलो होतो. घरची सून, तिची सासू, मी, आणि सासूच्या मांडीवर चारेक वर्षांची नात. संध्याकाळचे सहाही वाजले नव्हते, पण बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पोरीच्या लोकरी टोपीखालून तीन-चार बटा मानेवर उतरल्या होत्या. जाड, पिवळसर झाक असलेल्या, आतल्या आत पीळ पडून घट्ट झालेल्या. बाकीचे केस मात्र काळेभोर आणि सरळ. आजी बोलता बोलता त्यातली एक बट चिमटीत धरून अंगठ्यानं हळूहळू चोळत होती, आपल्याकडं म्हातारी माणसं जपमाळेचा मणी चोळतात तशी. पोर शेगडीत भाजत ठेवलेल्या बटाट्याकडं टक लावून बसली होती. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंडोनेशियनमध्ये सुनेला विचारलं, "हे केस कधी कापणार?" तिनं जरा नवलानं माझ्याकडं पाहिलं. "अजून तिनं मागितलं नाही," ती म्हणाली आणि कढईतले टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तुकडे उलटायला वळली.

त्यापुढं कुणी काही बोललं नाही. तिच्या दृष्टीनं माझ्या प्रश्नाचं उत्तर देऊन झालं होतं.

मला मात्र ते वाक्य रात्रभर पुरलं. तीन पांघरुणांखाली पाय गार पडलेले, छपरावरच्या पत्र्याचा थंडीनं होणारा कडकड आवाज, आणि डोक्यात तेच. मागितलं नाही म्हणजे काय मागितलं नाही, हे मला ठाऊक होतं. सेंबुंगान ज्या भागात आहे त्या दिएंगच्या पठारावर जायचं ठरल्यापासून त्या प्रथेबद्दल मी वाचत होते. पण वाचलेली गोष्ट वेगळी आणि तळणाच्या वासात, पाठमोऱ्या बाईच्या तोंडून सहज आलेली गोष्ट वेगळी. त्यातून मी कोल्हापूर जिल्ह्यातली. गडहिंग्लज तालुक्यात माझं आजोळ. बाईच्या डोक्यात केसांचा असा गुंता दिसला की पुढं काय होतं, हे आम्हांला कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही.

आधी त्या गावाविषयी सांगते. मध्य जावातल्या वोनोसोबो शहरातून मिनीबस निघते ती सिंदोरो पर्वताच्या कुशीतले तांबीचे चहाचे मळे मागं टाकत वर वर चढत राहते. भातखाचरं संपतात, नारळ संपतात, आणि मग एका वळणानंतर जे दिसतं त्यानं छाती दडपते. डोंगरच्या डोंगर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, फक्त बटाटे. उभ्या कड्यावरही वाफे आहेत. चार माणसांना उभं राहता येणार नाही एवढ्या पट्टीवरही दोन ओळी लावलेल्या आहेत. सगळीकडं चंदेरी प्लास्टिकचं आच्छादन, त्यातून वर आलेली हिरवी पानं, आणि वास. कोंबडीखताचा असा उग्र वास की आधी नाकात, मग घशात, मग कपड्यांत बसतो. रस्त्याकडेला खताची पोती थप्पी लावून ठेवलेली असतात. गावातल्या माणसांना तो वास येतच नाही. पुरुष खांद्यावरून लुंगी पांघरून, डोक्याला टोपी घालून शेताकडं निघालेले दिसतात, बायका डोकं रुमालात गुंडाळून खुरपी घेऊन. मशिदीचा भोंगा पहाटे सगळ्यांत आधी उठतो.

दिएंगचं पठार साधारण दोन हजार मीटर उंचीवर आहे. सेंबुंगान त्याहून वर. गावाच्या वेशीवर पाटीच आहे, जावा बेटावरचं सगळ्यात उंच गाव. एका बाजूला चेबोंग नावाचं छोटं तळं, दुसऱ्या बाजूला सिकुनिर टेकडी, मध्ये एकमेकांना चिकटलेली पत्र्याच्या छपरांची घरं. पहाटे तीन-साडेतीनपासून पर्यटकांच्या मोटारसायकली गावातून घुरघुरत जातात, कारण सिकुनिरवरून सूर्योदय बघायचा असतो. मीही गेले. समोर सिंदोरो, त्यामागं सुंबिंग, आणखी लांब मेरबाबू आणि मेरापी, सगळे ज्वालामुखी, एकामागं एक उजळत गेले. सुंदर होतं, त्यात शंका नाही. पण मला त्या टेकडीपेक्षा परत येताना दिसलेली गोष्ट जास्त आठवते. तळ्याकाठच्या एका तुकड्यात म्हातारा शेतकरी वाकून बटाट्याच्या पानांवरून बोट फिरवत होता. पानांवर पांढरी खर जमली होती. जुलै-ऑगस्टच्या कोरड्या दिवसांत इथं पारा शून्याखाली उतरतो आणि दंवाचं बर्फ होतं. त्याला इथले लोक 'बुन उपास' म्हणतात, विषारी दंव. ऊन पडलं की ती पानं काळी पडतात. खाली मंदिरांच्या आवारात त्याच वेळी शहरातून आलेली पोरं पांढरं झालेलं गवत मुठीत घेऊन आनंदानं ओरडत फोटो काढत असतात. दोन्ही माणसं एकाच दंवाकडं बघत असतात. म्हाताऱ्यानं मला पाहिलं, हसला, आणि हातानंच दाखवलं की वरचं गेलं, खालचं वाचेल.

आता केसांबद्दल. दिएंगच्या परिसरात काही मुलांना, बहुधा चालायला-बोलायला लागायच्या सुमारास, कडक ताप येतो. ताप उतरतो तेव्हा केसांत गुंता झालेला असतो. याला 'रांबुत गिंबाल' म्हणतात. लोकांची श्रद्धा अशी की ही मुलं क्याई कोलोदेते या मूळपुरुषाची. दिएंगमध्ये वस्ती वसवणाऱ्यांपैकी तो एक. त्यानं म्हणे ठरवलं होतं की इथली माणसं सुखी होईपर्यंत केस कापणार नाही. त्याचे केस मग पिढ्यान्‌पिढ्या कुणा ना कुणा मुलाच्या डोक्यावर उतरतात. घरात असं मूल आलं की ते ओझंही असतं आणि भाग्यही. त्याला दुखवायचं नाही, त्याचा हट्ट मोडायचा नाही, आणि केसांना कात्री लावायची नाही.

कधीपर्यंत? तर मूल स्वतःहून म्हणेपर्यंत.

मूल जेव्हा म्हणेल, "कापा," तेव्हा त्याला विचारतात, "बदल्यात काय हवं?" आणि ते जे सांगेल ते तंतोतंत आणून द्यावं लागतं. बकरी म्हटली तर बकरी. सायकल म्हटली तर सायकल. एक उकडलेलं अंडं म्हटलं तर एकच अंडं. मग रुवातान, म्हणजे शुद्धीचा विधी होतो. फुलं टाकलेल्या पाण्यानं डोकं धुतात, भाताचा निमुळता डोंगर रचलेला तुंपेंग मांडतात, दुवा मागतात, बटा कापतात आणि पांढऱ्या कापडात बांधून तळ्यात किंवा नदीत सोडतात. मुलाच्या मनाविरुद्ध किंवा मागणी पुरी न करता कापले तर केस पुन्हा तसेच उगवतात आणि मूल आजारी पडतं, अशी पक्की समजूत आहे. त्यामुळं आईबाप वर्षानुवर्षं वाट बघतात. मागणी महाग असली तर पैसे साठवतात, शेजारीपाजारी हातभार लावतात.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना सुनेनं मला सांगितलं की तिच्याही डोक्यात लहानपणी असे केस होते. मी तिला भांडी विसळून देत होते आणि तिला ते मनापासून आवडत नव्हतं. पाहुणीनं कशाला, असं तिचं चाललेलं. "मग तुम्ही काय मागितलं होतं?" मी विचारलं. ती एवढी हसली की हातातली थाळी खाली ठेवावी लागली. दोन कोंबड्या आणि लाल छत्री. कोंबड्या गावातच मिळाल्या. छत्रीसाठी बाप वोनोसोबोला उतरला आणि लाल छत्री घेऊन आला, पण तिच्यावर पांढरी फुलं होती. ती म्हणाली, ही नको. नुसती लाल हवी. बाप दुसऱ्या आठवड्यात परत गेला. "तेव्हा गाडी रोज नव्हती," ती म्हणाली. "डोक्यावर पोतं घेऊन तो पावसात खाली गेला." छत्री आली, केस गेले. पुढं छत्री कुठं गेली ते तिला आठवत नाही. बापाचं पावसात जाणं आठवतं.

मी या प्रथेकडं भाबडेपणानं बघत नाही. केस मुलाच्या मर्जीविरुद्ध कापल्यामुळं परत गुंततात, यावर माझा विश्वास नाही. ज्या लेकराला तापात आकडी येते त्याला आधी दवाखान्यात न्यायला हवं, आणि आता नेतातही. सुनेनंही पोरीला वोनोसोबोच्या दवाखान्यात नेलं होतं, त्याची फाइल तिनं आपणहून काढून दाखवली. हट्ट पुरवायच्या दडपणाखाली एखादं गरीब घर कर्जात जात असेल, हेही कळतं. पण चार वर्षांच्या मुलीच्या डोक्याबद्दलचा निर्णय घरातली, गावातली सगळी मोठी माणसं त्या मुलीवर सोपवून, हात बांधून बसलेली मी कधी पाहिली नव्हती.

माझ्या आजोळी वेशीजवळ एक म्हातारी राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गेलो की मंगळवारी-शुक्रवारी ती दारात यायची. हातात परडी, गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर भंडारा, आणि डोक्यावर करकचून बांधलेला जटेचा बोजा. "उदं गं आई उदं," असं ती म्हणायची तेव्हा आजी सुपातून जोंधळे आणून तिच्या परडीत घालायची आणि वाकून नमस्कार करायची. गंमत म्हणजे हीच आजी एरवी आक्काला ओसरीवर बसू द्यायची नाही. मला आक्काच्या डोक्याची भीती वाटायची. उन्हात त्याला जो वास यायचा तो मला आजही सांगता येईल. खोबरेल, हळद, घाम आणि त्याखाली आणखी काहीतरी कुबट. तिला मान वळवता यायची नाही. सगळं अंग वळवून ती बघायची. लहानपणी केसांत गुंता झाला, घरच्यांनी कुणाला तरी विचारलं, तो म्हणाला यल्लम्माचं बोलावणं आहे, आणि नऊ-दहा वर्षांची पोर सौंदत्तीच्या डोंगरावर नेऊन देवीला सोडली. इतकीच तिची गोष्ट आम्हांला माहीत होती, आणि ती गोष्ट नसून हवामान असावं तशी आम्ही ती ऐकायचो. पुढं तिच्या आयुष्यात कोण आलं, कोण गेलं, याबद्दल मोठी माणसं आवाज खाली करून बोलायची. महाराष्ट्रात देवदासी समर्पणाविरुद्धचा कायदा २००५ साली आला. कर्नाटकात तो १९८२ सालीच झाला होता. आक्का या दोन सालांच्या मध्ये कधीतरी वारली.

इथं शेगडीपाशी बसून मला तिची आठवण येणं स्वाभाविक होतं. पण आठवण आली ती केसांमुळं नाही. नातीची बट चोळणाऱ्या आजीच्या त्या अंगठ्यामुळं आली. आक्काच्या डोक्याला नमस्कार करणारे खूप होते. त्या डोक्याला मायेनं हात लावलेला मी एकदाही पाहिला नाही.

पठारावर खाली उतरलं की मंदिरं लागतात. अर्जुन, श्रीकंदी, पुंतदेव, सेंबद्रा आणि सेमार एका आवारात, गटोत्कच थोड्या अंतरावर, भीम एकटाच लांब. सातव्या-आठव्या शतकापासूनची ही शिवमंदिरं, जावातल्या सर्वांत जुन्या बांधकामांपैकी. इथं सापडलेल्या एका शिलालेखावर शके ७३१ असं वर्ष आहे, म्हणजे इसवी सन ८०९. पंचांगाच्या पहिल्या पानावर वाचायची सवय असलेला शक इथं, धुक्यात, काळ्या दगडावर भेटतो तेव्हा अंगावर काटा येतो. १६३३ मध्ये सुलतान आगुंग यानं जावाचे महिने इस्लामी चांद्र पद्धतीनं बसवले तेव्हाही वर्षांचा आकडा शकाचाच पुढं चालू ठेवला. मोडून नवं करण्यापेक्षा जुन्यावरच पुढचं चढवायची ही रीत या बेटावर फार ठिकाणी दिसते.

मंदिरांची मूळ नावं कुणालाच आठवत नाहीत. पांडवांची नावं नंतरच्या शतकांत गावकऱ्यांनी दिली, आणि ती दिली चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळातून, वायांगमधून, ओळखीच्या झालेल्या पांडवांची. त्यामुळं इथली श्रीकंदी ही आपला शिखंडी नाही. ती बाई आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. जावाच्या महाभारतात द्रौपदी फक्त धर्मराजाची. आणि सेमार तर व्यासांच्या गावीही नाही. बुटका, पोट सुटलेला, पांडवांची चाकरी करणारा, लोकांना हसवणारा म्हातारा, आणि खरा तर देव. अर्जुनाच्या मंदिरासमोर त्याचं ठेंगणं, आडवं मंदिर आहे. जवळच्या संग्रहालयात शिवाची एक मूर्ती आहे, त्यात नंदीला माणसाचं धड आहे आणि शिव त्याच्या खांद्यावर बसला आहे. मी त्या मूर्तीपुढं बराच वेळ उभी होते. आपला म्हणून ओळखलेला देव इथं येऊन इथल्या माणसांचा झाला, आणि मला ते आवडलं. शाळेच्या सहलीतली डोक्याला हिजाब बांधलेली मुलं अर्जुनाच्या पायऱ्यांवर बसून डबे खात होती. मास्तर त्यांना घटोत्कच कसा उडायचा ते हात पसरून सांगत होते.

सेरायू नदीचा उगमही इथलाच. झऱ्यावर दगडी तोट्या आहेत, आणि भीमानं अंगावरची वस्त्रं उतरवून ही नदी खणली असं लोक सांगतात. इथून ती पश्चिमेला आणि मग दक्षिणेला वाहत हिंदी महासागराला मिळते. मुलांच्या कापलेल्या बटा पाण्यात सोडतात त्या या वाटेनं दक्षिणेच्या समुद्रापर्यंत जातात, अशी कल्पना. आता नदीतून सगळ्यात जास्त काय जात असेल तर ती माती. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचलं की तो कुजतो, म्हणून शेतकरी सऱ्या उताराला आडव्या न पाडता उभ्या पाडतात. पाऊस आला की पाणी निघून जातं, बटाटा वाचतो आणि माती पाण्याबरोबर उतरते. १९८० च्या दशकात बटाट्यानं इथं पैसा आणला, १९९८ मध्ये सुहार्तोंची सत्ता गेल्यानंतरच्या गोंधळाच्या काळात उरलेली झाडंही तुटली, आणि खाली बांजारनेगाराजवळचं म्रिचा धरण त्या गाळानं भरत आलं. मी घरमालकाला हे विचारलं तेव्हा तो रागावला नाही. त्यानं बोट दाखवून माती सांगितली. इथं बाबांच्या वेळी गुडघाभर होती, आता या खुणेपर्यंत. मग म्हणाला, आधी आम्ही मका खायचो, आता भात खातो. मुलगी नर्सिंगला आहे. भिंतीवर मक्केचा फोटो होता, आईला हजला पाठवलेलं त्याचा. त्याच्याशी वाद घालायला माझ्याकडं काही नव्हतं. आमच्या उसानं काय केलं ते मी रोज बघते.

आणि जमीन इथं तशीही माणसाला विचारून वागत नाही. बटाट्याच्या वाफ्यांच्या बाजूनंच वाफेचे जाडजूड पाइप जातात, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज करणाऱ्या ६० मेगावॅटच्या केंद्राकडं. सिकिदांगचं विवर उकळत्या राखाडी चिखलानं खदखदत असतं. १९५५ च्या एप्रिलमधल्या एका रात्री पश्चिमेकडची लेगेतांग ही वाडी डोंगर कोसळून अख्खी गाडली गेली. तीनशेहून जास्त माणसं गेली. आता तिथं शेतात एक स्तंभ आहे. आपल्याला माळीण आठवतं. १९७९ च्या २० फेब्रुवारीला पहाटे सिनिलाच्या विवराकडून स्फोटाचे आवाज आले, लोक पोरंबाळं घेऊन घराबाहेर पळाले, आणि पळायच्या वाटेवरच जमिनीच्या भेगांतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडनं त्यांना गाठलं. हा वायू हवेपेक्षा जड, त्याला रंग नाही, वास नाही, तो सखल जागी साचतो. सुमारे दीडशे माणसं रस्त्यात पडली. सासूबाई तेव्हा नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या. त्या जावानीजमध्ये सांगत होत्या, सून माझ्यासाठी इंडोनेशियन करत होती, आणि एका ठिकाणी सून थांबली. मी आग्रह केला नाही. सासूबाईंनी नातीची टोपी कानांवर ओढली आणि भाजलेला बटाटा सोलून तिच्या हातात दिला, फुंकर मारून.

अशा जागी राहणाऱ्या माणसांना मुलाच्या तापाचं, मुलाच्या केसांचं भय वाटतं याचं मला नवल वाटत नाही. भय तर आमच्याकडंही होतं. देवी कोपेल, घर बसेल, गुरं मरतील. पण दिएंगचं भय मोठ्यांना कामाला लावतं. बकरी आणा, छत्री आणा, थांबा, विचारा. आमच्या भयानं सगळी किंमत पोरीकडून वसूल केली.

२०१० पासून दिएंगला दरवर्षी, बहुधा ऑगस्टच्या आसपास, मोठा सांस्कृतिक महोत्सव होतो. त्याच्या चित्रफिती मी नंतर पाहिल्या. पांढऱ्या कपड्यांतली, कपाळाला पांढरी पट्टी बांधलेली मुलं मिरवणुकीनं अर्जुनाच्या आवारात येतात, ध्वनिक्षेपकावरून त्यांच्या मागण्या वाचून दाखवतात, अधिकारी आणि पाहुणे कात्री चालवतात, आणि हजारो फोन वर उठलेले असतात. रात्री जॅझ आणि आकाशकंदील. मागण्यांत आता मोबाइल आणि टॅबही असतात. मला ते बघताना दोन मनं झाली. ज्या घराला एकट्यानं रुवातान परवडत नाही त्याचा खर्च यात निघतो, हे चांगलंच. पण एका मुलाचा चेहरा मला खटकला. कात्री जवळ येताच ते गर्दीत आईला शोधत होतं आणि कॅमेरे त्याच्या अगदी तोंडापाशी होते. सुनेला मी विचारलं तिचा काय विचार आहे. ती म्हणाली, "पोरीला विचारीन. तिला गर्दी आवडते की नाही ते तीच सांगेल."

परत आल्यावर मी हे सगळं आईला सांगितलं. लाल छत्रीची गोष्ट ऐकून ती खूप हसली, मग बराच वेळ गप्प बसली. मी म्हटलं, आक्काला कुणी विचारलं असतं तर. आई म्हणाली, "तिनं मागितलं होतं की."

मला कळेना.

"मी नववीत असेन. ती तेव्हा पंचवीस-सव्वीसची. दुपारी मागच्या दारानं आली आणि आईला म्हणाली, वैनी, तुमची शिवणाची कात्री द्या घडीभर. आईला कळलं कशाला ते. नाही दिली. म्हणाली, देवीच्या वस्तूला आमची कात्री लागली तर आमच्या लेकरांचं काय? मी तिथंच उभी होते. कात्री कुठं असते ते मला माहीत होतं."

इतकी वर्षं मी आक्काची गोष्ट न विचारलेल्या मुलीची गोष्ट म्हणून मनात धरली होती. तिनं तोंडानं, सरळ, मागितलं होतं. घराघरांत मागितलं असेल. ऐकणाऱ्यांत माझी आजी होती, जी मला मांडीवर घेऊन केसांना तेल लावायची आणि जिच्याबद्दल मी आजवर फक्त प्रेमानं बोलत आले. ती वाईट बाई नव्हती. ती घाबरली. पण मला आता तिच्या घाबरण्याचाही राग येतो, आणि तो येऊ द्यायला हवा असं वाटतं.

आई पुढं प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली. मी तिच्याच शाळेत होते. दर शनिवारी, शाळा सुटली की ती व्हरांड्यात सतरंजी टाकून बसायची आणि मुलींची डोकी बघायची. बाजूला खोबरेल, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी, दोन फण्या. मला भयंकर लाज वाटायची. बाकीच्या बाई घरी जातात आणि माझी आई उवा काढत बसते. घरी एकदा मी त्यावरून भांडले तेव्हा तिनं काहीच उत्तर दिलं नव्हतं. एकदा दुसरीतल्या मुलीची आजी शाळेत तणतणत आली. पोरीच्या मानेवर मुठीएवढा गुंता झाला होता आणि घरात कुणीतरी भंडारा लावला होता. बाईंनी त्याला हात लावायचा नाही, असं बजावायला ती आली होती. आईनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला आणि पोरीलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं? सोडवू का?" पोर म्हणाली, "दुखंल का?" आई म्हणाली, "थोडं दुखेल." पोरीनं मान हलवली. दोन शनिवार लागले. तेल घालून, दाभणाच्या टोकानं एकेक केस मोकळा करत आईनं तो गुंता सोडवला, आणि ती आजी दोन्ही दिवस समोर बसून बघत होती. दुसऱ्या शनिवारी तिनं स्वतःच बाटलीतून तेल ओतून दिलं. मुलगी चौथी पास होऊन तालुक्याच्या हायस्कूलला गेली. तिचं लग्न झालं तेव्हा पत्रिका द्यायला ती आमच्या घरी आली होती, आणि आईनं तिला साडीबरोबर एक शिशवी फणी दिली होती.